प्रगतिपुस्तक आणि पोलीस ठाणं

शिक्षकांचं प्रशिक्षण आहे म्हणून शाळेला सुट्टी, म्हणजे मुलांना लॉटरीच. अमेरिकेतल्या ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन या अर्थतज्ज्ञांना त्यात एक आयता प्रयोग दिसला. रविवारी आई-वडीलही घरी असतात, उन्हाळी सुट्टीत सगळी दिनचर्याच वेगळी. प्रशिक्षणाच्या दिवशी मात्र बाकीच्यांची कामं चालू, फक्त मुलं मोकळी. 29 ठिकाणच्या पोलीस नोंदी ताडून 2003 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: शाळा भरते त्या दिवशी अल्पवयीनांचे चोरी-तोडफोडीचे गुन्हे सुमारे 14 टक्क्यांनी कमी होतात. आणि मारामारीचे? ते सुमारे 28 टक्क्यांनी वाढतात! रिकामा वेळ उरला नाही की चोऱ्या घटतात. शेकडो मुलं एका आवारात आली की भांडणंही होतात.

या आकड्यांत कुणाच्या गुणांचा संबंध नाही. आपल्याकडे मात्र चर्चा गुणांपासूनच सुरू होते. पोरगा नापास झाला की शेजारीपाजारी तो वाया गेल्याचं जाहीर करून मोकळे.

त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही, हे मान्य करायला हवं. दक्षिण लंडनमधल्या कामगार वस्तीतल्या 411 मुलांचा माग 1961 पासून घेतला गेला. आधी डोनाल्ड वेस्ट आणि मग डेव्हिड फॅरिंग्टन यांनी हा अभ्यास चालवला. पन्नाशीपर्यंत त्यांतल्या 41 टक्के जणांना कधी ना कधी न्यायालयानं दोषी ठरवलं होतं, आणि आठ-दहा वर्षांचे असताना अभ्यासात मागे असलेल्यांचं प्रमाण त्यांत जास्त होतं. पण त्याच मुलांच्या घरी बहुधा पैशाची ओढाताण होती, भावंडं खूप होती, कधी बापालाच शिक्षा झालेली होती. मग कमी गुणांनी गुन्हा घडवला, की दोन्हींची मुळं घरातच होती? नुसती निरीक्षणं करून हे सुटत नाही.

त्यासाठी मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी जायला हवं. तिथं 1962 मध्ये डेव्हिड वायकार्ट यांनी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली तीन-चार वर्षांची मुलं घेऊन पेरी बालशाळेचा प्रयोग सुरू केला. एकूण 123 मुलं. त्यांतल्या 58 जणांना बालशाळेत प्रवेश, 65 जणांना नाही, आणि ही वाटणी बव्हंशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी. रोज सकाळी अडीच तास वर्ग. आज काय करणार ते मुलानं आधी सांगायचं, मग करायचं, शेवटी काय केलं तेही सांगायचं. शिवाय बाई दर आठवड्याला दीड तास मुलाच्या घरी जाऊन आईसोबत बसायच्या.

सुरुवातीला या मुलांचा बुद्ध्यंक चांगलाच वाढला. पण आठ-दहा वर्षांची होईपर्यंत दोन्ही गटांतला तो फरक विरून गेला. प्रयोग फसला असं म्हणून कुणी तेव्हाच फाइल बंद केली असती, तर पुढची मजा हुकली असती. चाळिशीत पाहिलं तेव्हा पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचं प्रमाण बालशाळेच्या गटात 36 टक्के होतं, दुसऱ्या गटात 55 टक्के.

यात मला सर्वांत बोलका वाटतो तो मुलगे आणि मुलींतला फरक. शालान्त शिक्षण पूर्ण करण्यात बालशाळेच्या मुली खूप पुढे गेल्या. मुलग्यांच्या बाबतीत दोन्ही गट जवळजवळ सारखेच राहिले, आणि तरीही बालशाळेच्या मुलग्यांचे गुन्हे घटले. म्हणजे प्रमाणपत्राच्या वाटेनं न जाताच काहीतरी बदललं होतं. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये ही माहिती पुन्हा चाळली. आक्रमकपणा, नियम मोडणं, खोटं बोलणं असं वागणं लहानपणीच कमी झालं होतं. गुन्हे घटण्यातला बराच वाटा त्याचा, बुद्ध्यंकाचा नव्हे.

आता हे वागणं सुधारलं कशामुळे? वर्गातल्या त्या ‘ठरव, कर, सांग’मुळे, की बाई दर आठवड्याला घरी यायच्या म्हणून? दोन्ही गोष्टी त्याच 58 मुलांना एकत्रच मिळाल्या होत्या, त्यामुळे त्या आकड्यांतून एकीचं श्रेय दुसरीपासून वेगळं काढता येत नाही.