ज्या सवयीची चीड येते, तिलाच विचारायचं

१९८०च्या दशकात रिचर्ड श्वार्ट्झ हे अमेरिकी कुटुंबोपचारक बुलिमियाच्या रुग्णांवर उपचार करत होते. या आजारात माणूस एका बैठकीत भरमसाट खातो आणि मग बरेचदा उलट्या करून ते बाहेर काढतो. रुग्णांच्या बोलण्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. आत कुणीतरी सतत टोचून बोलतं, त्याने जीव नकोसा झाला की दुसरं कुणीतरी खायला लावतं, आणि खाऊन होताच पहिलं दुप्पट जोराने तुटून पडतं. घरातल्या माणसांमधले ताण उलगडणं हेच श्वार्ट्झ यांचं काम. हे आतलं भांडणही त्यांना तसंच दिसू लागलं. त्यातून 'इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स' म्हणजे आयएफएस ही पद्धत उभी राहिली. मनातल्या अशा प्रत्येक आवाजाला ती एक 'भाग' मानते.

सुरुवातीला तेही या भागांशी लढतच होते. स्वतःला इजा करून घेणाऱ्या एका रुग्ण स्त्रीच्या 'तसं करायला लावणाऱ्या' भागाकडून त्यांनी एकदा दामटून कबुली घेतली. पुढच्या भेटीत जखम तिच्या चेहऱ्यावर होती. श्वार्ट्झ यांनी हात टेकले आणि मग त्या भागाला नुसतं विचारलं, तू हे का करतोस? लहानपणी तिच्यावर अत्याचार होत असताना तिचं लक्ष शरीरापासून दूर नेणं आणि जास्त छळ ओढवेल असा तिचा राग दाबून धरणं, हे काम तो करत आला होता. हा प्रसंग त्यांनीच सांगितला आहे, आणि माझ्या मते या पद्धतीचा सगळा गाभा त्यात आहे. जो भाग शत्रू वाटतो, तो कुणाला तरी वाचवायला उभा असतो.

आयएफएसमध्ये दुखावलेल्या, दूर लोटलेल्या भागांना 'एक्झाइल' म्हणतात. त्यांचं दुःख वर येऊ नये म्हणून आधीपासून काळजी घेणारे ते 'मॅनेजर'. वर आलंच तर दारू, खाणं, संताप, काहीही करून ते विझवणारे 'फायरफायटर'. या सगळ्यांपलीकडे प्रत्येकात एक शांत, कुतूहल असलेला 'सेल्फ' असतो, असं ही पद्धत मानते.

समजा, एखादी बाई दिवसभर स्वतःला घालूनपाडून बोलते. उपचारक विचारतो, "तो आवाज अंगात कुठे जाणवतो?" "घशाशी, आवळल्यासारखं." "त्याच्याविषयी आत्ता काय वाटतं?" "चीड येते. त्याचं तोंड बंद करावंसं वाटतं." इथे बहुतेकांची गफलत होते. चिडून हे उत्तर देणाराही एक भागच असतो. उपचारक त्याला थोडं बाजूला व्हायची विनंती करतो, आणि "तो एवढा का घाबरलाय, ते ऐकायचंय" असं मनापासून येईपर्यंत पुढे जात नाही. मग त्या आवाजाला प्रश्न: बोलायचं थांबलास तर काय होईल? "बाहेरचे लोक बोलतील, आणि ते हिला सोसवणार नाही." ही किती वर्षांची आहे असं तुला वाटतं? उत्तर येऊ शकतं, आठ. ती कधीच मोठी झाली, हे त्या भागापर्यंत पोहोचलेलंच नसतं.

हे कसं काम करत असावं, याचा एक संभाव्य धागा मेंदूविज्ञानात सापडतो. २००० साली करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लदू यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हा जागी केली की काही काळ ती बदलता येण्याजोगी होते. सुरक्षित सोबतीत जुनी आठवण उघडली की तिचा दंश कमी होत असावा, असं काही उपचारक म्हणतात. आयएफएसच्या बाबतीत हे अजून सिद्ध झालेलं नाही.

पुरावा आशादायक आहे, पण थोडा. २०१३ साली संधिवाताच्या ७९ रुग्णांवरच्या चाचणीत आयएफएस घेणाऱ्यांचं दुखणं आणि नैराश्य, दोन्ही नुसती माहिती मिळालेल्या गटापेक्षा कमी झाली. २०२१ साली बालपणी आघात सोसलेल्या १७ प्रौढांवर छोटा अभ्यास झाला. महिन्याभरानंतर तपासलेल्यांपैकी बहुतेकांमध्ये पीटीएसडीचे, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराचे, निकष उरले नव्हते. मात्र तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता.

म्हणून घाई नको. भ्रम होत असतील, भान हरपत असेल किंवा स्वतःला इजा करण्याची ओढ असेल, तर हे एकट्याने करून बघू नये. प्रशिक्षित उपचारक लागतोच. सत्रात डोळ्यांपुढे आलेलं प्रत्येक चित्र खरी घडलेली घटना असेलच असंही नाही, त्यामुळे चांगला उपचारक तपशील सुचवत नाही. दुखऱ्या भागाकडे जाण्याआधी तो राखण करणाऱ्या भागाची परवानगी मागतो. ती मिळाली नाही, तर त्या दिवशीचं बोलणं त्या राखणदाराच्या भीतीवरच होतं.