‘धोज’ हे मुळात ‘धिस’चं अनेकवचन

‘या डब्यांत लाडू आहेत’ याचं इंग्रजी करताना सातवीतल्या भाच्यानं ‘इन धिस बॉक्सेस’ असं लिहिलं, आणि ‘धिस’भोवती लाल गोल पडला. त्याची तक्रार रास्त होती. ‘या डब्यात’ म्हणा नाहीतर ‘या डब्यांत’, आपला ‘या’ काही हलत नाही. नामाला विभक्ती लागली की हा, ही, हे, ह्या सगळ्यांचं ‘या’ होतं. लिंगही गेलं, वचनही गेलं. एरवी मात्र आपण इंग्रजीपेक्षा कडक आहोत: हा डबा, हे डबे; ही वही, ह्या वह्या; हे पुस्तक, ही पुस्तकं.

गंमत म्हणजे इंग्रजीचाही संसार एके काळी असाच होता. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याआधीच्या जुन्या इंग्रजीत आपल्यासारखी तीन लिंगं होती. ‘तो, ती, ते’साठी ‘से, सेओ, थॅट’ आणि ‘हा, ही, हे’साठी ‘थेस, थेओस, थिस’. पहिली तिकडी संस्कृतच्या ‘सः, सा, तत्’शेजारी ठेवून पाहा. पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूपांना ‘स’, नपुंसकलिंगी रूपाला ‘त’; तोच ‘त’ जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषांत ‘थ’ झाला, जसा ‘त्रि’चा ‘थ्री’. म्हणजे ‘तत्’ आणि ‘धॅट’ एकाच घराण्यातले.

पुढच्या दोन-तीन शतकांत शब्दांचे शेवटचे प्रत्यय झिजत गेले. लिंगभेद मोडला आणि तिकडीतली नपुंसकलिंगी रूपं तेवढी उरली, ‘थॅट’ आणि ‘थिस’. मुलगा असो, मुलगी असो की दगड, सगळ्यांना तीच. विशेषणांनी तर वचनही सोडलं. ‘गुड’ला पुढे एक मुलगा आहे की दहा, याचं सोयरसुतक नाही. दर्शकांनी, म्हणजे ‘हा-तो’ दाखवणाऱ्या शब्दांनी, मात्र वचन धरून ठेवलं, आणि तिथेच घोळ झाला.

‘थॅट’चं अनेकवचन होतं ‘था’ आणि ‘थिस’चं ‘थास’. इंग्लंडच्या दक्षिणेत जुन्या लांब ‘आ’चा ‘ओ’ झाला. ‘स्तान’चा ‘स्टोन’ झाला, ‘हाम’चा ‘होम’. त्याच वाटेनं ‘था’चा ‘थो’ झाला आणि ‘थास’चा ‘धोज’. तेव्हा आज ‘त्या’ लांबच्या वस्तूंसाठी वापरला जाणारा ‘धोज’ हा खरा ‘ह्या’ जवळच्यांचा! ‘धिस’ला मात्र विशेषणांच्या तेव्हाच्या अनेकवचनाचा ‘ए’ जोडून ‘धीज’ हे नवं रूप तयार झालं, आणि मोकळा पडलेला ‘धोज’ ‘धॅट’च्या घरी दत्तक गेला. बिचारा ‘थो’ मागे पडला. शेवटी ‘स’ असला की ऐकणाऱ्याला तो शब्द आपोआप अनेकवचनी वाटतो, ही ‘धोज’ची जमेची बाजू असावी. ‘था’चा वंश मात्र बुडाला नाही, स्कॉटलंडच्या बोलीत तो ‘थे’ म्हणून टिकून आहे.

नियम म्हणून हे सगळं पाठ्यपुस्तकात बसवण्यात लिंडली मरे यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतली वकिली सोडून ते इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झाले होते. १७९५ साली निघालेलं त्यांचं इंग्रजी व्याकरण शाळाशाळांतून चाललं. दर्शकाचं वचन नामाच्या वचनाशी जुळलंच पाहिजे, असं त्यात बजावलं आहे, आणि उदाहरणांत ‘धॅट सॉर्ट, धोज सॉर्ट्‌स’ ही जोडीही आहे.

हीच जोडी का, ते बोलणारी माणसं ऐकली की कळतं. ‘सॉर्ट’ आणि ‘काइंड’ हे शब्द एकवचनी, पण बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतात त्या जातीचे पुष्कळ जण. मग तोंडातून सहज ‘धीज काइंड ऑफ’ निघतं. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये कॉर्नवॉलचा ड्यूक तोंडाळ केंटकडे बघून म्हणतो, ‘धीज काइंड ऑफ नेव्ह्‌ज आय नो’, असले लबाड मी ओळखून आहे. ते नाटक छापलं गेलं १६०८ साली, मरे यांच्या पुस्तकाच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी. परीक्षेत आज कुणी तसं लिहिलं तर मार्क जातील. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, की ड्यूकचेही कापले असते का.