दगडावरची मराठी आणि शं. गो. तुळपुळे यांचे संशोधन

नाशिकच्या पांडवलेण्यांतील सातवाहन आणि क्षत्रप काळातले लेख प्राकृतात आहेत, तर अंजनेरीचा शके १०६३ (इ.स. ११४२) मधील यादवकालीन लेख संस्कृतात आहे. मधल्या हजारएक वर्षांत या भागातले लोक बोलू लागले ती मराठी कशी होती? हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर सोडला नाही, त्यांत डॉ. शंकर गोपाळ तुळपुळे (१९१४–१९९४) यांचे स्थान फार वरचे आहे.

‘यादवकालीन मराठी भाषा’ हा त्यांचा ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. या अभ्यासातली मोठी अडचण अशी, की तेराव्या शतकातील ग्रंथ आज आपल्याला मिळतात ते नंतरच्या नकलांमधून, आणि नक्कल करणारा माणूस अपरिचित जुने रूप कळत-नकळत आपल्या काळाचे करून टाकतो. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत शके १५०६ पर्यंत इतके पाठभेद शिरले होते, की एकनाथांना ती शुद्ध करावी लागली. कोरलेल्या दगडात असा बदल होत नाही, आणि त्यावर पुष्कळदा शकही असतो. म्हणूनच १९६३ मध्ये त्यांनी संपादित केलेला ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा संग्रह मला त्यांच्या सर्व कामाचा कणा वाटतो. रायगड जिल्ह्यातील आक्षी येथील लेखाचा काळ त्यांनी शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला.

नाशिककरांना जवळचे उदाहरण चाळीसगावजवळच्या पाटण्याचे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ स्थापला. शके ११२८ च्या तिथल्या लेखात राजवंशाची आणि विद्वानांची स्तुती संस्कृत श्लोकांत आहे. पण बाजारातील मालावरचा कोणता कर मठाला मिळायचा, हे सांगताना लेख मराठीत येतो. ज्यांनी कर द्यायचा, त्यांना तो समजणे आवश्यक होते, हे कारण मला पटते. त्यात ‘तो मढा दीन्हला’ असे शब्द आहेत. आज आपण ‘मठाला’ म्हणतो; तेव्हा नुसत्या ‘आ’ने चतुर्थीचे काम होत असे. असेच रूप एखाद्या महानुभाव पोथीत आढळले, तर ते नकलाकाराचे नसून मूळ भाषेचे असण्याला भक्कम आधार मिळतो.

अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांच्यासह त्यांनी केलेला प्राचीन मराठीचा इंग्रजी कोश १९९९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. शिलालेख आणि पोथ्या या दोन्हींतील शब्द त्यात एकत्र आल्यामुळे ही पडताळणी आता लीळाचरित्र वाचणाऱ्या विद्यार्थ्यालाही करता येते.