फेल रनिंग आणि ट्रेल रनिंग: वाट कोण ठरवतं?

पुण्या-मुंबईकडची, नाशिक-साताऱ्याकडची डोंगरात पळणारी मंडळी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इंग्लंडात येतात. मँचेस्टर, लीड्स, लँकेस्टर अशा उत्तरेकडच्या शहरात राहिली, की तिथल्या रनिंग क्लबमधलं कोणीतरी लवकरच विचारतं, ‘फेल रेसला येणार का?’ फेल म्हणजे या भागातले उघडे, गवताळ डोंगर. ‘ट्रेल रन तर आपण केलेलीच आहे, त्यातलंच काहीतरी असेल’ असं समजून बरेच जण लगेच नाव देतात. दोन्हीकडे डोंगर असतो, चिखल असतो, चढ-उतार असतात, त्यामुळे हा समज होणं साहजिक आहे. पण दोन्हींची तयारी वेगळी लागते. लांब पल्ल्याला तर हा फरक जिवावर बेतू शकतो, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

ट्रेल रन म्हणजे पायवाटेवरची शर्यत. वाट आयोजकाने ठरवलेली असते. बहुतेक ठिकाणी फिती, बाण, चुन्याच्या खुणा असतात, वळणावर स्वयंसेवक उभा असतो आणि ठरावीक अंतरावर पाणी-खाणं मिळतं. आपल्याकडच्या सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्राचं (अल्ट्रा म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यत) उदाहरण डोळ्यांसमोर आणा. फेल रेसमध्ये मात्र तुम्हाला चेकपॉइंट दिलेले असतात. अमुक शिखर, तमुक खिंड, मग पुढचं शिखर. मधल्या टप्प्यात कुठून जायचं हे बहुतेक ठिकाणी तुमचं तुम्ही ठरवायचं. कुठे गवतावरून सरळ खाली, कुठे दलदल टाळून वळसा, कुठे मेंढ्यांच्या वाटेने आडवं. ही निवडलेली रेघ तिथले लोक ‘लाइन’ म्हणतात, आणि शर्यती पायांइतक्याच लाइनवर जिंकल्या जातात. माझ्या मते खरा फरक एवढाच आहे. बूट, सामान, सराव हे सगळं त्यातूनच निघतं.

लेक डिस्ट्रिक्ट या वायव्य इंग्लंडातल्या एकाच डोंगराळ भागातली दोन आव्हानं शेजारी ठेवली की हे स्पष्ट होतं. लेकलँड 100 ही जुलैत कॉनिस्टन गावातून सुटणारी अल्ट्रा ट्रेल शर्यत. नावात 100 असलं तरी अंतर 105 मैल, म्हणजे सुमारे 169 किलोमीटर, चढाई साधारण 6,300 मीटर आणि मुदत 40 तास. ती सगळी सार्वजनिक पायवाटांवरून, खिंडी ओलांडत, खोऱ्याखोऱ्यांतून फिरते. मोठ्या शिखरांच्या माथ्यावर ती जातच नाही. मार्गावर खुणा नसतात, पण हातात वळणावळणाचं वर्णन दिलेली पुस्तिका असते, आणि डझनाहून जास्त ठिकाणी गरम सूप, चहा, सँडविच मिळतं.

दुसरं आव्हान बॉब ग्रॅहम राउंड. केझिक गावातल्या मूट हॉलच्या दारातून निघायचं, 42 शिखरांचे माथे गाठायचे आणि 24 तासांच्या आत त्याच दारात परत यायचं. अंतर साधारण 106 किलोमीटर, चढाई 8,200 मीटर. लेकलँड 100 मध्ये दर किलोमीटरला सरासरी 37 मीटर चढ पडतो, इथे 77. केझिकमध्ये गेस्ट हाउस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहमने 13-14 जून 1932 रोजी टेनिसचे बूट घालून ही फेरी पुरी केली. वाटेत खायला ब्रेड-बटर आणि उकडलेली अंडी होती. नंतर 28 वर्षं ती कोणालाही जमली नाही. 1960 साली ॲलन हीटनने ती पुन्हा करून दाखवली. बिली ब्लँडने 1982 मध्ये 13 तास 53 मिनिटांची वेळ नोंदवली, ती 2018 मध्ये स्पेनचा डोंगरधावक किलियन जोर्नेटने मोडेपर्यंत टिकली. तरी ही शर्यत नाहीच. तारीख तुम्ही निवडायची, सोबती तुम्ही जमवायचे. प्रत्येक माथ्यावर कोणीतरी साक्षीला असावं लागतं, आणि मिळतं ते बॉब ग्रॅहम क्लबचं सभासदत्व. बिली ब्लँड गवंडीकाम करत असे, दुसरा नावाजलेला फेल धावक जॉस नेलर मेंढपाळ होता. हौशी खेळ म्हणजे काय, हे मला या लोकांकडे बघून कळलं.

फेल रेसची प्रतवारी बघितली तरी या खेळाचा स्वभाव कळतो. फेल रनर्स असोसिएशन 1970 मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांप्रमाणे ‘ए’ वर्गाच्या शर्यतीत दर किलोमीटरला सरासरी किमान 50 मीटर चढाई हवी आणि डांबरी रस्ता 20 टक्क्यांहून जास्त नको. ‘बी’ला 25 मीटर, ‘सी’ला 20. लांबीनुसार एस (आखूड), एम (मध्यम), एल (लांब). 20 किलोमीटरच्या वर गेली की ‘एल’. म्हणजे ‘एएल’ लिहिलेलं दिसलं की सगळ्यात खडी आणि लांब शर्यत समजायची. पुढे आणखी काही खुणा असतात: पूर्वानुभव आवश्यक, स्थानिक माहितीचा फायदा, नकाशा वाचता यायला हवा. नवखे लोक अंतर बघतात आणि या बारीक अक्षरांकडे दुर्लक्ष करतात. माझा आग्रह उलटा आहे. ती अक्षरं आधी वाचा, अंतर मागाहून.

ऑगस्टमधली बॉरोडेल शर्यत एएल वर्गातली. 17 मैल, चढाई 6,500 फूट, म्हणजे सुमारे 1,980 मीटर. तिच्यातला एकच टप्पा जवळून बघू. स्कॅफेल पाइक हे इंग्लंडचं सर्वोच्च शिखर, उंची 978 मीटर. कळसूबाईच्या 1,646 मीटरपुढे आकडा किरकोळ वाटतो, पण माथा म्हणजे नुसता मोठमोठ्या दगडांचा पसारा, आणि ढग उतरला की दहा-पंधरा पावलांपलीकडचं दिसत नाही. तुम्ही दोन तास पळून तिथे पोचता, चेकपॉइंटवरच्या माणसाला नंबर सांगता, आणि पुढे पायवाट म्हणावं असं काही नसतं. वायव्येकडे उतरून मग उजवीकडे वळायचं आणि डोंगराच्या कुशीतून आडव्या जाणाऱ्या ‘कॉरिडॉर रूट’ने स्टाय हेडची खिंड गाठायची. वळण हुकलं तर भलत्याच खोऱ्यात, वासडेलला उतरता. वळण घेतलं पण ओढ्याच्या कडेकडेने खाली सरकलात, तर पियर्स गिल ही उभ्या भिंतींची घळ समोर येते. तिथे अपघात होत आले आहेत. जाणकार मात्र माथ्यावरून थेट घसाऱ्यावर उडी घेतात, सुटे दगड पायाखालून वाहत असताना त्यांच्यासोबतच खाली येतात आणि बघता बघता कॉरिडॉरवर असतात. दमलेल्या डोक्याने, भिजलेल्या हातांनी होकायंत्र धरून अर्ध्या मिनिटात हा निर्णय घ्यायचा असतो. ट्रेल रनच्या सरावात याची तयारी कुठेच होत नाही.

मग आपल्याकडे सह्याद्रीत फेल रेस का नाहीत? हिंमत कमी म्हणून नव्हे. कारण जमिनीत आहे. लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर हिमनद्यांनी घासलेले आणि शतकानुशतकं मेंढ्यांनी चरलेले. झाडं-झुडपं मोजकीच, सगळीकडे गवत, त्यामुळे कुठूनही पळता येतं. उघड्या डोंगरावर वाट सोडून चालायचा हक्कही 2000 सालच्या कायद्याने दिलेला आहे. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर रचून झालेला. पायऱ्यांसारखे कडे, मधे पदर, आणि पदरावर कारवीचं रान. वर जायचं ते सोंडेने, नाळेने किंवा खिंडीतून, दुसरी सोय नाही. त्यातून बराच डोंगर वनखात्याच्या ताब्यात, किल्ले संरक्षित. इथे धावकांनी आपापली लाइन निवडायची म्हटलं तर कोणीतरी कड्यावर जाऊन अडकेल. खुणा केलेली ट्रेल रन हीच सह्याद्रीला शोभणारी शर्यत आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

सरावाकडे वळू. दोन्हीला पाया एकच: आरामात, बोलता येईल अशा वेगाने केलेला भरपूर वेळ. त्यापुढे वाटा फुटतात. लांब ट्रेल शर्यतीत सपाट आणि सौम्य उताराचा भाग पळत राहता यायला हवा, कारण 100 किलोमीटरमध्ये वेळ वाया जातो तो तिथे चालल्यामुळे. फेलसाठी आठवड्याचे किलोमीटर मोजण्यापेक्षा चढाईचे मीटर मोजा. बहुतेक हौशी धावक खडा चढ चालतच जातात. गुडघ्यावर हात टेकून, कंबरेत वाकून, न थांबता. ही चाल शिकावी लागते. ट्रेल अल्ट्रात काठ्या सर्रास वापरतात, फेल रेसमध्ये त्या क्वचितच दिसतात.

पण खरी परीक्षा उताराची. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि त्यामुळे त्याची जी झीज होते ती कितीही चढ चढून भरून निघत नाही. पहिल्या शर्यतीनंतर दोन-तीन दिवस जिना उतरवत नाही तो याचमुळे. चांगली गोष्ट अशी की एकदा असा दणका बसला की स्नायू सावरून पुढचे काही आठवडे तसाच भार बराच सहज झेलतात. म्हणून शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी एक मोठा, खडा उतार जोरात उतरून घ्यायलाच हवा. पुण्यात असाल तर आतकरवाडीतून सिंहगड. सुमारे सहाशे मीटरचा चढ आहे. लागोपाठ दोनदा वर-खाली केलंत तर बॉरोडेलच्या निम्म्याहून जास्त चढाई होते. शनिवार-रविवारची गर्दी टाळा, वाटेवर म्हातारीकोतारी, लहान मुलं असतात. त्याहूनही उपयोगी कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग. जुन्या बोगद्यापासून निघालं की एकामागून एक टेकडी, प्रत्येकीचा उतार घसाऱ्याचा, आणि धुक्यात किंवा रात्री वाट हमखास चकवते. फेलच्या सगळ्यात जवळ जाणारा सराव महाराष्ट्रात कुठला असं मला कोणी विचारलं, तर मी हाच सांगेन. आयुष्यभर रस्त्यावर मॅरेथॉन पळलेल्यापेक्षा सह्याद्रीत भटकलेला ट्रेकर फेलवर लवकर रुळतो.

बुटांमध्ये घोटाळा हटकून होतो. ट्रेलचे बूट जाड गादीचे, कडक वाटेवर तासन्‌तास पायांना सांभाळणारे. फेलचे बूट पातळ तळाचे, खाली खोल रबरी खुंट्या. वॉल्श, इनोव्ह-एट ही नावं तिथे घराघरांत ठाऊक. तिरप्या ओल्या गवतावर जाड तळाचा बूट घोटा मुरगळतो. उलट त्या खुंट्या आपल्याकडच्या शेवाळलेल्या कातळावर टिकत नाहीत, तेव्हा फेलचे बूट घेऊन पावसाळ्यात राजगडावर जाऊ नका.

थंडीबद्दल मात्र जरा जास्त बोलायला हवं, कारण आपण उन्हाशी झुंजायला शिकलेली माणसं. सह्याद्रीत फेब्रुवारीनंतर पाण्याचं आणि मिठाचं गणित सांभाळलं की निम्मं काम झालं. फेलवर धोका गारठ्याचा. तापमान सहा-सात अंश, वर पाऊस आणि वारा, अशात पळत असेपर्यंत अंग गरम राहतं. घोटा मुरगळला किंवा दमून चालायला लागलात की थोड्याच वेळात हुडहुडी भरते, बोटं पिशवीची झिप उघडायलाही नकार देतात. शरीराचं तापमान 35 अंशांखाली गेलं की डोकं नीट चालत नाही आणि माणूस चुकीच्या दिशेला ठामपणे जाऊ लागतो. म्हणून लांब शर्यतींना सामानाची सक्ती असते: टोपीसकट शिवणी बंद केलेलं वॉटरप्रूफ जाकीट, तशीच पँट, कानटोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, अडीअडचणीचं खाणं. सुटण्याआधी मैदानात उघडून दाखवावं लागतं. तपासणारी मावशी प्रेमाने ‘लव्ह’ म्हणेल, पण जाकिटाच्या शिवणीवर पट्टी नसेल तर सोडणार नाही. काही शर्यतींत वाट दाखवणाऱ्या घड्याळावर बंदी असते. सुती बनियन घरी ठेवा, ओली झाली की अंगातली ऊब शोषून घेते.

आणखी एक नियम डोक्यात पक्का करा. फेल रेस मधेच सोडलीत तरी शेवटच्या ठिकाणी जाऊन तशी नोंद द्यायचीच. परस्पर घरी गेलात तर तुमच्यासाठी माउंटन रेस्क्यूची पथकं अंधारात डोंगर पालथा घालतात, आणि ती सगळी माणसं बिनपगारी स्वयंसेवक असतात.

प्रत्यक्ष शर्यतीत किती वेळ लागेल याचा अंदाज किलोमीटरच्या वेगावरून बांधू नका. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये चालणाऱ्यांसाठी साधा हिशोब दिला: तीन मैलांना एक तास, आणि दर 2,000 फूट चढाईला आणखी एक. बॉरोडेलला तो नऊ तासांच्या आसपास येतो. तयारीचा हौशी धावक साधारण त्याच्या निम्म्या वेळात येतो. ट्रेल अल्ट्रासारखं चेकपॉइंटवर खायला मिळेल हे गृहीत धरू नका. राजगिऱ्याची चिक्की, खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे खिशात असू द्या, आणि भूक लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला तोंडात टाका.

इंग्लंडात नवे असाल तर उन्हाळ्यातल्या एखाद्या बुधवारच्या संध्याकाळची ‘एएस’ शर्यत धरा. गावच्या मैदानात थोडेसे पौंड भरून ऐनवेळीही नाव देता येतं, तासाभरात संपते, नंतर सूप आणि केक असतो. मग एक-दोन ‘एएम’. मधल्या काळात क्लबमधल्या अनुभवी लोकांबरोबर शर्यतीचा मार्ग आधी फिरून या. याला तिथे ‘रेकी’ म्हणतात आणि ती फसवणूक मानत नाहीत, उलट ती न करणाऱ्याचं त्यांना नवल वाटतं. ढगाळ दिवशी एकदा, स्वच्छ दिवशी एकदा फिरा. पहिली ‘एएल’ त्यानंतरच्या हंगामात.