अॅमेझॉनचं जंगल फक्त भूमिहीनांनी संपवलं का?

वर्षानुवर्षं फिरणारा संदेश असा: 'सरकारने भूमिहीन शेतकऱ्यांना वसवलं, त्यांनीच अॅमेझॉन कापून काढलं.'

यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. ब्राझीलने १९७०च्या दशकात ट्रान्स-अॅमेझॉन महामार्ग बांधला आणि त्याच्या कडेने कुटुंबांना साधारण १०० हेक्टरचे तुकडे दिले. तिथे जंगल तुटलं, हे नाकारता येत नाही. पण एवढी जमीन एका कुटुंबाच्या हातांनी साफ होत नाही. माती लवकर कस सोडते, बाजार दूर, कर्ज मिळत नाही. अनेकांनी तुकडे विकले, ते एकत्र होऊन मोठी कुरणं झाली. आज तिथल्या तोडलेल्या जमिनीचा सर्वांत मोठा हिस्सा गुरांच्या चराईखाली आहे, आणि त्यात मोठ्या मालकांचा वाटा फार मोठा आहे. गरिबाच्या माथी सगळं मारणं मला अन्यायाचं वाटतं.

पडताळा घरबसल्या घेता येतो. लँडसॅट उपग्रहाची चित्रं मोफत मिळतात. ब्राझीलच्या रोंडोनिया राज्याची जुनी-नवी चित्रं शेजारी ठेवा. आधी रस्ता दिसेल, मग त्याला माशाच्या काट्यासारखे फाटे, आणि नंतर फाट्यांमधली जागा भरत गेलेली. लहान, वेड्यावाकड्या तुकड्यांचा अर्थ बहुधा कुटुंबाची शेती. शेकडो हेक्टरचे सरळ कडांचे चौकोन म्हणजे यंत्रं आणि भांडवल.

कार्बनचा हिशेबही क्षेत्रफळाने चालतो. सुक्या लाकडाचा जवळपास निम्मा भाग कार्बन. तो जळाला की दर टन कार्बनमागे सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तोडणारा कोणीही असो.