टीईटी पास म्हणजे नोकरी पक्की?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, गाइड घेताना हमखास कानावर पडतं: 'एकदा टीईटी निघाली की झेडपीत चिकटलोच!' तसं नाही. टीईटी ही फक्त पात्रता. १५० प्रश्न, १५० गुण. खुल्या गटाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवेत. १४० मिळाले काय किंवा ९० काय, या गुणांवर निवड होत नाही. प्रमाणपत्र मात्र आता आजीवन चालतं; सात वर्षांच्या मुदतीची गोष्ट जुनी झाली.

गुणवत्ता ठरते ती दुसऱ्याच परीक्षेत, 'टेट'मध्ये, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीत. नावं इतकी सारखी की घोळ होणारच. इथे १२० मिनिटांत २०० प्रश्न: अभियोग्यतेचे १२०, बुद्धिमत्तेचे ८०. प्रश्नाला जेमतेम ३६ सेकंद. आकृत्यांच्या मालिकेत दोन-दोन मिनिटं अडकणारे शेवटचे ४० प्रश्न वाचतही नाहीत. यात पास-नापास नाही, फक्त गुण. ही परीक्षा दरवर्षी होईलच असंही नाही: २०१७ नंतरची थेट २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली.

मग 'पवित्र' या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवर स्वप्रमाणपत्र, म्हणजे स्वतःची माहिती खरी असल्याचं प्रमाणपत्र, भरायचं, पसंतीक्रम लावायचे. माध्यम, आरक्षण, विषय जुळला तरच नाव यादीत.

आणि नुसतं बीएड असेल तर पहिली ते पाचवीची आशा सोडा. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रस्ता बंद केला. तिथे डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका, लागते. टीईटीचा पेपर एक, म्हणजे पहिली ते पाचवीसाठीचा, काढून ठेवलेल्या कित्येक बीएडवाल्यांचं गणित तिथेच चुकतं.