नव्या संगणक प्रणालीसाठी कर्मचारी प्रशिक्षणाचे नियोजन (बेळगाव सीमाभाग)

खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकाच संगणक प्रणालीत आणताना कोणत्या कर्मचाऱ्याला काय, कधी, कोणत्या भाषेत आणि कुणी शिकवायचे याची आधीच केलेली आखणी. अशा प्रणालीला उद्योगांत सरसकट ईआरपी म्हणतात. उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या फाउंड्र्या (धातू वितळवून भाग ओतणारे कारखाने) आणि हायड्रॉलिकचे कारखाने, चिकोडी-निपाणीकडचे साखर कारखाने, बेळगाव बाजारपेठेतले घाऊक व्यापारी आणि गावोगावच्या सोसायट्या यांना हा विषय आज ना उद्या हाताळावा लागतो. बहुतेक ठिकाणी टॅली, एक्सेल आणि जाड पुठ्ठ्याची रजिस्टरे एकत्र नांदत असतात, आणि नव्या प्रणालीला या तिघांनाही बाजूला सारायचे असते.

आखणी प्रणालीच्या मेनूपासून सुरू करण्याची रीत सर्वत्र दिसते, आणि तीच सर्वांत कुचकामी आहे. विक्रेत्याचा माणूस येतो, प्रोजेक्टरवर एकामागून एक स्क्रीन दाखवतो, हजेरीवर सह्या होतात, चहा-पोहे होतात आणि सोमवारी स्टोअरकीपर पुन्हा रजिस्टर उघडतो. त्यापेक्षा मालाच्या वाटेने जावे: गाडी गेटवर आली, काट्यावर वजन झाले, चलन पाहून आवक नोंदली, तपासणी झाली, माल स्टोअरला गेला, बिल पास झाले. या वाटेवर जो पहिला आकडा टाकतो त्याचे शिक्षण सर्वांत मोलाचे. पिग आयर्नचा (कच्च्या लोखंडाचा) ट्रक आल्यावर गेटवरच्या कारकुनाने किलोच्या जागी टन निवडले, तर महिनाअखेरीला अकाउंट्समधला माणूस कितीही तरबेज असला तरी साठा जुळत नाही. प्रत्यक्षात बहुतेक तास मॅनेजर मंडळींना मिळतात आणि गेट-स्टोअरच्या वाट्याला उरलासुरला अर्धा तास येतो.

फाउंड्रीत आणखी एक अडचण असते. भट्टीतून धातू ओतताना प्रत्येक खेपेला हीट नंबर, म्हणजे त्या खेपेचा ओळखक्रमांक, पडतो. स्पेक्ट्रोमीटरवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) तपासलेले रासायनिक प्रमाण त्या नंबराला जोडले, तरच पुढे एखादे कास्टिंग (ओतीव भाग) सदोष निघाल्यावर मूळ शोधता येते. ओतकाम चालू असताना हातमोजे घातलेला माणूस कीबोर्डला हात लावत नाही. तो पाटीवर किंवा वहीत लिहितो आणि पाळी संपल्यावर कुणीतरी ते प्रणालीत चढवतो. तो ‘कुणीतरी’ म्हणजे नेमका कोण, हे प्रशिक्षणाच्या आराखड्यात नावानिशी लिहिलेले असावे; नाहीतर प्रत्येक पाळी दुसऱ्या पाळीकडे बोट दाखवते.

कर आणि सीमा. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हा सीमाभागातल्या बिलिंग क्लार्कचे काम इतर जिल्ह्यांतल्यापेक्षा जास्त नाजूक झाले. कर्नाटकचा राज्य क्रमांक २९, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. बेळगावच्या व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक या तिन्हींत असते, आणि बहुतेक व्यवहारांत केंद्र-राज्य कर (राज्यातल्या राज्यात) लागणार की एकात्मिक कर (राज्याबाहेर), हे ग्राहकाच्या मास्टरमध्ये, म्हणजे प्रणालीतल्या त्याच्या कायमच्या नोंदीत, राज्य बरोबर भरले आहे की नाही यावर ठरते. उद्यमबागेतून मच्छेला माल जातो तेव्हा ई-वे बिलासाठी (मालवाहतुकीच्या ऑनलाइन परवान्यासाठी) सर्वसाधारणपणे ५० हजार रुपयांची मर्यादा पाहतात. तेच कास्टिंग मशीनिंगच्या जॉबवर्कसाठी (बाहेरून करून घ्यायच्या कामासाठी) महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला निघाले, की राज्य बदलते आणि किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल काढावेच लागते. अंतर किरकोळ, पण नियम वेगळा. पुण्या-मुंबईहून आलेल्या प्रशिक्षकाच्या तयार उदाहरणांत शिनोळी नसते, म्हणून सरावाची उदाहरणे कारखान्याच्याच जुन्या चलनांतून काढावीत.

हा सराव चालू प्रणालीवर करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, बंधनकारक आहे. एकदा बिलाला पोर्टलचा क्रमांक मिळाला की पोर्टलवर तो फक्त २४ तासांत रद्द करता येतो. शिकाऊ माणसाने गंमत म्हणून काढलेले बिलही सरकारदरबारी खरेच बिल असते. म्हणून सरावासाठी वेगळी, पोर्टलला न जोडलेली प्रत लागते. खर्च वाचवण्यासाठी बरेच जण नेमकी हीच गाळतात.

भाषा. स्क्रीन बहुधा इंग्रजीत, ऑफिसातले बोलणे मराठीत, सरकारी कागद कन्नडमध्ये आणि मोल्डिंगवरच्या परप्रांतीय कामगारांशी हिंदीत, असा सगळा कारभार असतो. बटणांची इंग्रजी नावे तशीच ठेवून कृती मराठी-कन्नडमध्ये समजावणे सोपे जाते. ‘पोस्ट’ला (नोंद पक्की करण्याच्या बटणाला) मराठी प्रतिशब्द शोधत बसण्यात वेळ जातो आणि स्क्रीनवर तो सापडतही नाही. काट्याशेजारी चिकटवायचा एकपानी कागद मात्र दोन्ही भाषांत हवा. शिकवण्यासाठी प्रत्येक विभागातला एक जाणता माणूस आधी तयार करावा. त्याला की-यूजर म्हणतात. तो वयाने किंवा हुद्द्याने मोठा असण्यापेक्षा, ज्याला लोक बिनधास्त ‘हे परत एकदा दाखव की’ म्हणू शकतील असा असावा.

वेळ. साखर कारखान्यात गळीत हंगाम चालू असताना वजनकाटा दिवसरात्र थांबत नाही. ऊसनोंद, तोडणी पावती आणि काटा यांचे शिक्षण पावसाळ्यातच उरकावे लागते. हंगामाच्या तोंडावर उडी घेतल्याने काय होते, याचे ठळक उदाहरण साखरेच्याच दुसऱ्या टोकाचे आहे. अमेरिकेतल्या हर्षी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैत नवी प्रणाली सुरू केली आणि हॅलोविनच्या गिऱ्हाइकीत सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोहोचवता आल्या नाहीत. कारखानदारांनी मार्चअखेरची डिस्पॅचची घाई टाळावी. १ एप्रिल ही हिशेबाच्या दृष्टीने सोयीची तारीख असली, तरी तिच्या आधीचा महिना शिकण्यासाठी सर्वांत वाईट असतो. गणेशोत्सव आणि बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक या दिवसांत वर्ग ठेवण्याचा हट्ट कुणी करत नाही.

सोसायट्या. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. एका सामाईक प्रणालीवर सर्वांना आणायचे, अशी तिची रचना आहे. लहान सोसायटीत सचिव हाच कॅशियर, हाच खतगोदामाचा कारकून असतो. तो दिवसभर प्रशिक्षणाला गेला तर शटर खाली येते. अशा ठिकाणी जवळच्या दोन-तीन सोसायट्यांनी आळीपाळीने माणूस पाठवणे व्यवहार्य ठरते.

पडताळणी. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या (प्रतिक्रिया, आकलन, वर्तन, परिणाम) आजही वापरात आहेत. बहुतेकांची मोजणी पहिल्या पायरीवरच, म्हणजे ‘कार्यक्रम आवडला का’ या फॉर्मवर थांबते. कारखान्यात उपयोगी मोजमाप साधे आहे: महिन्यात किती चुकीच्या नोंदी उलटवून रद्द कराव्या लागल्या आणि रॅकवरचा साठा स्क्रीनशी किती जुळला. मात्र सगळ्या स्टोअरचा पासवर्ड एकच असेल आणि तो मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहिलेला असेल, तर कुणाला पुन्हा शिकवायचे हे या आकड्यांवरून कळत नाही. त्यामुळे प्रत्येकाला स्वतःचा लॉगिन देणे आणि तो दुसऱ्याला न देण्याची सवय लावणे हा पहिल्या दिवसाचा धडा ठेवतात.